बर्फाचं बिल

कांदळवाडीत मीटर अठ्ठावीस.
कुठला चिंचेखाली, कुठल्यावर गांधीलमाशीचं पोळं,
कुठला घरातले दिवे बंद असतानाही पळतो,
सगळे मला पाठ.
सव्वीस वर्षं या खाडीच्या दोन्ही काठांवर
मी माणसं ओळखली ती युनिटांनी.

वाडीच्या डोक्यावरून मोठी लाइन जाते.
मनोरे सड्यावर उभे, पाय काँक्रीटमध्ये.
भर दुपारी खाली उभं राहिलं
तर चुलीवर भात रटरटावा तसा आवाज येतो.
ती इथे थांबत नाही,
परक्या गावातून वरात जावी तशी जाते.

शेवंती डोर्लेकर विचारायची,
"त्या वरच्यातली चमचाभर
काढून देता येत नाय काय रे?"
मी समजावायचो: सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, फेज.
ती ऐकून घ्यायची
आणि पाटीतल्या बांगड्याचा डोळा बघायची.
डोळा पांढुरका झाला की भाव पडतो.
विजेबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं.

बंदरावरच्या फॅक्टरीत लाद्या निघतात.
लाइट गेली की दीडशेची लादी अडीचशेला.
व्यापारी टेम्पोला टेकून तंबाखू मळत राहतो.
त्याला घाई नसते.
घाई बांगड्याला असते.

वादळाच्या वर्षी खांब आडवे झाले.
तालुक्याला लाइट नवव्या दिवशी,
बंदराला सतराव्या,
कांदळवाडीला एकेचाळिसाव्या.
शेवटचा जंपर बांधायला मीच आलो होतो.
दिवा लागला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
बायका मासळी खारवत बसलेल्या,
बोटं मिठाने चिरलेली.
एकीने मान वर केली
आणि पुन्हा खाली घातली.

त्यानंतर अर्ज, सह्या, बँकेचे हेलपाटे,
एकदा तर सोसायटीत हाणामारी,
आणि पत्र्यावर बावीस पॅनेल.
सोलकरांची नाझमीन आयटीआय करून आलेली,
कॉम्प्रेसर जोडता जोडता म्हणाली,
"काका, बॅटरी परवडायची नाही आपल्याला.
दुपारचं ऊन लादीतच साठवायचं."
आयुष्यभर मी तारा ओढल्या.
ऊन गोठवता येतं
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता सगळं गोड झालं म्हणालो तर खोटं होईल.
खारं वारं नटबोल्ट खातं.
एक पॅनेल नारळाने फोडलं,
आणि नारळ कोणाचा यावर दोन बैठका झाल्या.
पहिली लादी कोणाची, हे भांडण तर रोजचं.
आषाढात आठ आठ दिवस सूर्य नाही,
पण तेव्हा होड्याही झापाखाली असतात.
हे नाझमीनने वहीत लिहून ठेवलंय,
खाली दोन रेघा मारून.

सड्यावर पुन्हा मोजणीवाले दिसतात.
कातळावर चुन्याच्या खुणा, लाल झेंड्या.
या खेपेला कुठली वीज, ते सांगत नाहीत.
वाऱ्याची म्हणतात, कोणी आणखी कसली म्हणतं.
शेवंती काठी टेकत चढून गेली
आणि साहेबाला विचारून आली,
"ह्यातली चमचाभर हितं ठेवणार काय?"
साहेब म्हणाले, वर कळवतो.
ती वर बघून आली. वर तारा होत्या.

माझं शेवटचं रीडिंग सोसायटीचं.
घेतली त्याहून वीज जास्त दिलेली.
यंत्रात आकडा भरला,
यंत्र म्हणालं, चूक, पुन्हा भरा.
शेवंती शेजारी उभी.
"म्हणजे आता बिल कोणी कोणाला द्यायचा?"

निघताना तिने हातावर
लादीचा तुकडा ठेवला.
"उन्हाचा हाय. धर."
तरीत बसलो, मूठ झाकून.
पलीकडे उतरेपर्यंत पाणी कोपरापर्यंत आलं होतं
आणि रकाना अजून कोराच होता.